झाडावर ‘अहो’ नसतं

खारूताईचं खरं नाव तिच्या सासूशिवाय कुणालाच आठवत नव्हतं, आणि सासूही ते रागावल्याशिवाय काढत नसे. बाकी सगळ्या वस्तीला ती खारूताईच. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी झाडावर चढायला लागली की बघणाऱ्याची मान दुखायची पण तिचा पाय घसरायचा नाही.

तिचं काम झाडं छाटण्याचं. दारातली, भिंतीला खेटलेली, छपरावर रेललेली, विजेच्या तारांत बोटं खुपसणारी झाडं. लोक तिला बोलवायचे आणि वर बघत फर्मावायचे, “बाई, एकदाचं डोकं भादरून टाका याचं.” तिचं उत्तर ठरलेलं असायचं. “आधी तुमचं भादरते, कसं वाटतं ते सांगा.” गिऱ्हाईक आधीच टकलं निघालं तर मात्र ती जरा नमतं घ्यायची आणि समजावून सांगायची, की शेंडा उडवला की झाड बिथरतं, चहूकडून कच्च्या काड्या फेकतं, आणि त्याच काड्या उद्या वारा सुटला की तुमच्या डोक्यावर येतात. मेलेलं काढायचं, एकमेकांना घासणारं काढायचं, घराकडे झुकलेलं ओझं हलकं करायचं. उरलेल्या झाडाच्या वाटेला जायचं नाही. हे तिला कुणी शिकवलं म्हणाल, तर निम्मं झाडांनीच. तिचे वडील छपरं दुरुस्त करायचे आणि छपरावर आलेल्या फांद्या काढायला पोरीला वर पाठवायचे. पोरगी वर गेली ती पुन्हा मनानं खाली आलीच नाही.

नवरा तिच्या अगदी उलट. स्टुलावर चढून दिवा बदलायचा म्हटलं तरी त्याला घाम फुटायचा. पण तो ट्रकांवर माल बांधत मोठा झाला होता. त्यानं मारलेली गाठ हत्तीला सुटली नसती आणि त्याला स्वतःला ती एका झटक्यात सोडता यायची. त्यामुळं संसार आपोआप वाटला गेला, ती वर आणि तो खाली. लोक त्याला ‘खालचा माणूस’ म्हणायचे. त्याला त्याचं काही वाटत नसे. “मुळं पण खालीच असतात,” असं म्हणून तो विडीचं थोटूक विझवायचा.

जमिनीवर ती त्याला ‘अहो’ म्हणायची. झाडावर ‘अहो’ला जागा नव्हती. तिथं चारच शब्द चालायचे, ‘ढील’, ‘ताण’, ‘धर’ आणि ‘सोड’. नवऱ्याला असं अरेतुरे केलेलं ऐकून नव्या गल्लीतल्या बायका तोंडावर हात ठेवून हसायच्या. हसू देत. या चार शब्दांत सगळ्यात वजनदार ‘धर’. तिच्या कमरेच्या पट्ट्याचा दोर वरच्या बेचक्यातून खाली यायचा, बुंध्याला एक वेढा घ्यायचा आणि त्याच्या हातात जायचा. ती वरून ‘धर’ म्हणायची, तो खालून ‘धरलंय’ म्हणायचा, आणि मगच करवत लाकडाला लागायची. इतक्या वर्षांत हा नेम एकदाच चुकला.

ते झाड शिरीषाचं. शिवणकाम करणाऱ्या एका आजीबाईंच्या दारात होतं ते, आणि त्याची एक जाडजूड फांदी नेमकी त्यांच्या शिवणयंत्राच्या खोलीवर आलेली. त्या दिवशी वारा चढत होता. एवढी एकच फांदी उरली होती. आजीबाईंनी खालून ओरडा केला, “माझ्या कुंड्या! अरे, माझ्या कुंड्या!” म्हणून नवरा हातमोजे काढून कुंड्या हलवायला वळला. खारूताईनं ‘धर’ म्हटलं आणि ‘धरलंय’ची वाट न बघता करवत लावली. तीही वरून. फांदी आधी खालून थोडी चिरून घ्यायची असते, म्हणजे ती पडताना खोडाची साल सोलत नेत नाही. घाईत तेही राहिलं. फांदी अर्ध्यात कडाडली, साल फाडत खाली गेली, तिचं टोक छपराच्या कडेला टेकलं आणि बूड उसळून खारूताईच्या पायावर बसलं.

ती पडली. खालून नवऱ्यानं पळता दोर उघड्या हातांनी पकडला. ती भिंतीवर आपटून जमिनीवर आली, पण आली ती हाडामांसानं शाबूत. खुब्याचं हाड तेवढं मोडलं.

खरा मोडला तो नवरा. तिला बरी व्हायला कित्येक महिने लागले. तेवढ्या काळात त्यानं दोर पोत्यात घालून माळ्यावर टाकला आणि एका गोदामात राखणदाराची नोकरी धरली. अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी सुटली, तेव्हा गाठींच्या त्या राजानं शेजाऱ्याला हाक मारली. खारूताईनं ते खिडकीतून बघितलं आणि तिला खुब्यापेक्षा ते जास्त दुखलं.

“चूक माझी होती,” हे ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. इस्पितळात सांगितलं, घरी सांगितलं, जेवताना सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. तो ऐकून घ्यायचा आणि ताट उचलून मोरीत ठेवायचा.

पाय टेकायला लागल्यावर तिनं दाराच्या चौकटीला लोंबकळायला सुरुवात केली. सकाळी लोंबकळायची, संध्याकाळी लोंबकळायची. सासू भाजी निवडता निवडता म्हणाली, “खारीचं वटवाघूळ झालं वाटतं.”

“होऊ दे. वटवाघळालाही झाडच लागतं.”

सासू देठ मोडत म्हणाली, “जा बाई. तू घरात बसलीस तर आम्हा दोघांनाही वेड लागेल.” हा आशीर्वाद होता. सासूकडून याहून गोड कधी काही निघत नसे.

अशात आजीबाईंचा निरोप आला. खोडाला अर्धवट लटकून छपराला टेकलेली ती फांदी कुणीतरी तारेनं आवळून ठेवली होती, पण आता त्यांचा धीर सुटला होता. सोमवारी माणसं येऊन सगळंच झाड बुडापासून पाडणार होती. खारूताई काठी टेकत त्यांच्याकडे गेली.

“माणूस पाडणारं झाड मला दारात नको,” आजीबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या. “तुझ्याच काळजीनं म्हणतेय.”

“मला झाडानं नाही पाडलं, आजी. माझ्या घाईनं पाडलं. पाडायचंच असेल तर घाईला पाडा. त्यानं काय केलंय?”

“आणि ती फांदी?”

“रविवारी मी काढते. नाही जमलं, तर सोमवारी तुमची माणसं आहेतच.”

आजीबाईंनी चष्म्यावरून तिच्या काठीकडे बघितलं. मग म्हणाल्या, “आणि दोर कोण धरणार?”

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. तो नुकताच गोदामावरून आला होता, पायातल्या चपलाही निघाल्या नव्हत्या.

“दुसरा माणूस बघ,” तो म्हणाला.

“दुसरा नको.”

“अगं, मी सोडलं तुला! कळत कसं नाही? हातात होतीस आणि सुटलीस.”

कित्येक महिन्यांनी तो एवढं बोलला होता. खारूताईनं त्याचे दोन्ही हात ओढून दिव्याखाली धरले. तळव्यांवरून जाड, गुळगुळीत वण आडवे गेले होते. आजवर ते वण त्यानं तिच्यापासून लपवले होते, आणि तिनंही बघायचं टाळलं होतं. आता बघितलं आणि तिला रडू आलं, पण तिनं ते गिळलं. रडायला पुढं पुष्कळ वेळ होता.

“हे कशाचे आहेत?”

“सुटल्याचे.”

“दोर सोडतो ना, त्याचे हात कोरे राहतात. हातमोजे नव्हते, तयारी नव्हती, मी थांबलेही नव्हते. तरी तुमच्या हातांची साल निघाली, पण मी जमिनीला लागेपर्यंत तुम्ही मूठ उघडली नाहीत. याला सुटणं म्हणतात होय?”

तो खाली वाकून चपला काढू लागला. आतून सासू ओरडली, “पोतं माळ्यावर उजव्या कोपऱ्यात आहे. उंदरांनी कुरतडलं नसेल तर.”

रविवारी सकाळी दोघं आजीबाईंच्या दारात उभी होती. दोर त्यानं हात हात करून तपासला होता. कुंड्या आधीच हलवलेल्या, फाटक बंद, शिवणयंत्रावर जुनी गोधडी टाकलेली. गल्ली भिंतीपाशी जमली होती, कारण पडलेली बाई पुन्हा चढताना बघायला सगळ्यांनाच हवं असतं. खुबा कुरकुरत होता. ती पहिल्यासारखी सरसर गेली नाही. थांबत, श्वास घेत, शिव्या देत गेली. पण गेली.

जखम जवळून बघितली तर झाडानं तिच्या कडेनं नवी साल आणायला सुरुवातही केली होती. “शहाणं आहेस,” ती झाडाला म्हणाली. फांदीचं टोक तिनं दुसऱ्या दोरानं वरच्या बेचक्याला टांगलं, म्हणजे कापल्यावर ती छपरावर कोसळणार नव्हती. मग आवळलेली तार सोडली, पाय रोवले, करवत काढली आणि हाक दिली.

“धर!”

खालून काही आलं नाही.

तिनं वाकून बघितलं. दोर ताठ होता. दोन्ही हातांत हातमोजे होते. पण नवऱ्याचे ओठ नुसतेच हलत होते, आवाज फुटत नव्हता. भिंतीपाशी कुणीतरी कुजबुजलं, “धरलाय की त्यानं, काप की.” खारूताईनं करवत फांदीपासून लांब धरली.

“धर!”

तरी काही नाही. खुब्यातून कळ निघाली. ती हलली नाही. दिवसभर थांबावं लागलं तर थांबायची तिची तयारी होती, सोमवार उजाडला तरी. एकदा थांबली नव्हती, तेवढं पुरे होतं.

“धर!”

“धरलंय!”

आवाज एवढा मोठा निघाला की शेंड्यावरचे कावळे उडाले. खारूताईनं करवत लावली, आधी खालून. मग वरून. फांदी मुकाट्यानं सुटली, दोरावर झोके घेत राहिली आणि तिनं तो दोर सैल करत नेला तशी हळूहळू मोकळ्या अंगणात उतरली. शेवटी तिनं फाटलेला खुंट खोडाजवळच्या, नवी साल जिथून येते त्या उंचवट्याला न दुखवता स्वच्छ कापला. आजीबाई बराच वेळ वर बघत उभ्या होत्या. मग आत गेल्या आणि सोमवारच्या माणसांना येऊ नका म्हणून कळवून आल्या.

आता उतरायचं राहिलं. खारूताई पट्ट्यावर बसली, पाय मोकळे सोडले आणि म्हणाली, “सोड!”

दोर हलला नाही.

“सोड!”

ती हवेत लोंबकळत राहिली. गल्ली हसायला लागली. खाली नवरा बुंध्याला पाय लावून उभा होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

“अहो,” खारूताई झाडावरून म्हणाली, “सोडा की आता.”

“नाही सोडणार,” तो म्हणाला. आणि मग त्यानं वीतवीत ढील देत तिला जमिनीवर आणलं.