पेटीची पाचवी अवस्था

गल्लीत तिला सगळे वहिनी म्हणत. सासूबाईंची ती सूनबाई, मुलींची आई, आणि कारखान्यात ‘नव्या बाई’. वय विचाराल तर मोठी मुलगी लग्नाला आलेली. कारखान्यातल्या वरिष्ठ इंजिनिअर तिच्याहून बऱ्याच लहान, पण सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून वहिनीही ताईच म्हणत.

कारखाना तरी केवढा? दोन खोल्या आणि एक माळा. तिथे अशक्त नवजात बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या बनत. वहिनी कॉलेजात कॉम्प्युटरची सी भाषा शिकल्या होत्या, मग संसारात ती माळ्यावर गेली. मुली मोठ्या झाल्यावर त्यांनी ती पुन्हा खाली काढली, धूळ झटकली, आणि देवावर भार टाकून अर्ज केला. कारखान्याच्या साहेबांनी घेतलं, पण अटीवर. तेव्हा बनत असलेली नवी पेटी नीट चालली तर कायम, नाहीतर राम राम.

संध्याकाळी भाजी निवडता निवडता सासूबाई विचारत, “आज काय केलंस गं?”

“नावं ठेवली.”

“ते तर आम्हीही करतो. त्याला पगार मिळतो हे ठाऊक नव्हतं.”

वहिनी हसत आणि समजावत. सीमध्ये टाइपडेफ म्हणून एक सोय असते. जुन्याच प्रकाराला दुसरं नाव द्यायचं. तुम्ही सूनबाई म्हणा, मुली आई म्हणोत, माणूस तोच. तसं आत साधा आकडा असला तरी त्याला ‘अवस्था’ म्हणायचं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं हा आकडा कशाचा. आणि एनम म्हणजे त्या अवस्थांची नावं ओळीने मांडायची. पेटी बंद, तापतेय, तयार, धोका. कॉम्प्युटर त्यांना आपणहून शून्यापासून आकडे देत जातो.

“म्हणजे बसायला जागा तुम्ही द्यायची आणि नंबर तो लावणार,” सासूबाई म्हणाल्या.

“अगदी तसंच.”

रुग्णालयातून पेटी बघायला एक नर्सबाई येत. मोठा आवाज, मोठं मन. त्या म्हणाल्या, “दार उघडून झालं की पेटी जास्त तापते, मग निवते. निवत असताना तसं लिहून येऊ दे. आम्ही बाळ हातात धरून अंदाज बांधत बसायचं का?”

ताईंनी ते काम वहिनींवर सोपवलं. आता वहिनींच्या स्वयंपाकघरात डबे उंचीप्रमाणे लागतात, वाटीवर वाटी बसते, आणि तोच हात इथेही चालला. ‘निवतेय’ची जागा कुठे? अर्थातच ‘तापतेय’ आणि ‘तयार’ यांच्या मधे. तिथेच लिहून टाकली. पेटी तापवणाऱ्या सर्किटच्या पट्टीत नवा प्रोग्रॅम भरला, तेवढीच पट्टी टेबलावर तपासली, सगळं झकास. पडदा आणि भोंगा चालवणाऱ्या दुसऱ्या पट्टीला हात लावायची गरजच वाटली नाही. तिथे ‘निवतेय’ हा शब्द घालायचं काम ताईंचं, ते उद्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई नेमक्या सकाळीच हजर. ताई म्हणाल्या, नवा शब्द अजून दिसणार नाही, पण पेटी तर बघा. पेटी तापली. पडद्यावर ‘तयार’ उमटायच्या ऐवजी ‘धोका’ उमटला आणि भोंगा जो सुरू झाला, तो कान फोडणारा.

“बाळ अजून आलंही नाही, रडायला पेटीच लागली,” नर्सबाई म्हणाल्या.

ताईंनी आत तापमापक धरला. ऊब हवी तेवढीच होती. “सेन्सरची तार सैल असणार. काका, बघा जरा.”

वायरवाले काका उठले. “बाई, माझं सोल्डरिंग माझ्या आधी मरायचं नाही. पण बघतो.”

काका तार तपासू लागले आणि वहिनींनी काल लिहिलेली नावांची ओळ पुन्हा उघडली. तार नव्हे, ओळ. मधे एक पाहुणी बसवली म्हणून तिच्यामागचे सगळे एकेक पाट सरकले होते. कालपर्यंत तीन हा आकडा ‘धोका’ होता, आज तो ‘तयार’. पण पडद्याच्या पट्टीला हे कोण सांगणार? दोन पट्ट्यांमधल्या तारेतून नाव जात नाही, नुसता आकडा जातो. अवस्था म्हणा नाहीतर आणखी काही, आत आकडाच.

नवा प्रोग्रॅम पडद्यालाही भरला असता तर भोंगा मुकाट बसला असता. कुणाला कळलंही नसतं, आणि सैल तारेचा ठपका काकांच्या माथी. वहिनींचा हात कीबोर्डवर गेलाही. तेवढ्यात पुढचा विचार आला आणि त्यांनी तो मागे घेतला. ‘तयार’ जर ‘धोका’ दिसतं, तर खरा धोका काय दिसतो?

“ताई, पेटी मुद्दाम जास्त तापवून बघू.”

तापवली. आकडा चार गेला. पडद्याला चार ठाऊकच नव्हता. पडदा कोरा, भोंगा गप्प, आणि आत काच धरवेना इतकी गरम.

वहिनींनी मनात देवाचं नाव घेतलं आणि तोंडाने म्हणाल्या, “काकांची तार चांगली आहे. चूक माझी. मी नवी अवस्था मधे घातली.” मग सगळं सांगितलं, कोरा पडदाही.

ताईंनी पडद्याचा प्रोग्रॅम उघडून बघितला. “तुमच्या हातून पाट सरकले, खरं. पण अनोळखी आकडा आला तर पडद्याने गप्प बसावं, हे मी लिहिलंय. दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.”

“मग दोघी मिळून निस्तरा,” साहेब दारातून म्हणाले. “जुन्या पेट्या रुग्णालयात चालू आहेत. उद्या त्यांची एखादी पट्टी बदलली, तर हेच व्हायचं.”

म्हणून दोघींनी नुसता नवा प्रोग्रॅम भरला नाही. ‘निवतेय’ सगळ्यांच्या शेवटी बसवली, प्रत्येक नावापुढे त्याचा आकडा स्वतः लिहिला, म्हणजे पुढे कुणीही आलं तरी कुणाचा पाट हलणार नाही. आणि पडद्याला शिकवलं, ओळखीचा नसलेला आकडा आला की धोकाच समजायचा. जुन्या पेट्यांच्या पडद्यांनाही तेच शिकवायचं ठरलं. डबे उंचीप्रमाणे न लागल्याचं वहिनींना जरा खुपलं, पण इलाज नव्हता.

संध्याकाळपर्यंत थांबून नर्सबाईंनी पेटी तापवली, निववली, पुन्हा तापवली. “ही नेते मी,” त्या म्हणाल्या. “आणि पुढची करताना याच बाई असू देत. आपली चूक आपण होऊन सांगणारं माणूस बाळांजवळ बरं.”

साहेब काकांना म्हणाले, “माळ्यावरचं ते टेबल खाली आणा. नव्या बाईंना बसायला कायमची जागा लागेल.”

घरी सासूबाई वाट बघत होत्या. “आज काय केलंस गं?”

“एका पाहुणीला शेवटच्या पाटावर बसवलं.”

“रुसली नाही ना?”

“नाही. पाट तिच्या नावाचा आहे म्हटल्यावर कशाला रुसेल?” असं म्हणून वहिनी हात धुऊन कणीक भिजवायला बसल्या.