काकींचा आइस्क्रीमचा डबा

काकींच्या फ्रीजरमधला आइस्क्रीमचा डबा उघडला आणि आत आइस्क्रीम निघालं, असा भाग्यवान नंदाखालमध्ये अजून जन्मायचा आहे. आत जांभळं निघत, फणसाचे गरे निघत, चिकूच्या फोडी निघत. मी त्यांचा सख्खा शेजारी, तरी दर उन्हाळ्यात नव्याने फसायचो.

तो आडवा फ्रीजर त्यांनी बंद पडलेल्या एका दुकानातून आणला होता. पडवीत तो आजारी सासऱ्यासारखा घरघरत पडलेला असे. "सासूबाई केळी उन्हात सुकवून सुकेळी करायच्या, मी फळं थंडीत झोपवते," काकी म्हणत. 'गोठवणं' हा शब्द त्यांना चालत नसे. फळ झोपवायचं.

मीही एकदा आंब्याच्या फोडी झोपवल्या, एकाच पिशवीत कोंबून. त्यांची वीट झाली. ती फोडायला बत्ता घेतला, तर वीट शाबूत आणि ओट्याची लादी गेली. काकी बघायला आल्या. "अरे शहाण्या, आधी ताटात सुटं सुटं निजवायचं, मग पिशवीत भरायचं. एका गोधडीत अख्खं वऱ्हाड कोंबलंस, आता सुटणार कसं?"

एवढं बघूनही फ्रीजरची राखण त्यांनी माझ्यावर सोपवली, आणि तीही लेकीच्या डोहाळजेवणाच्या आठवड्यात. प्राचीला डोहाळे लागले होते वाडीतल्या रायवळ आंब्याचे, दिवाळी उलटल्यावर! पण काकींकडे मे महिन्यात झोपवलेला गर होता. त्या निर्धास्तपणे कामणला लग्नाला गेल्या आणि इकडे ट्रान्सफॉर्मर उडाला.

मी अत्यंत जबाबदारीने वागलो. आत थंडी टिकली आहे ना, हे बघायला दिवसभर झाकण उघडत राहिलो.

संध्याकाळी काकी परतल्या. डबा हलवून बघितला, तर गर डुचमळला.

"किती वेळा उघडलंस?"

"बघण्यापुरतंच, काकी."

"पोर झोपलंय का, ते चिमटा काढून बघतात का रे?"

लाइट आली की परत गोठेल, असं मी सुचवून पाहिलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "एकदा जागं झालेलं परत झोपवायचं नाही. पोटुशीला तर तसलं द्यायचंच नाही." आणि लगेच फोन लावला. "प्राची, निघ. डोहाळजेवण आज."

"अगं, मुहूर्त रविवारचा आहे ना?"

"मुहूर्त वितळला."

प्राची माणिकपूरहून रिक्षाने आली. आळीतल्या बायका हातातली कामं टाकून जमल्या. मेणबत्त्यांच्या उजेडात तिची ओटी भरली आणि ती वाटीमागून वाटी रस ओरपत सुटली. काकी तिच्याकडे बघत राहिल्या. मग डब्याच्या तळाशी उरलेला रस माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "घे. राखणदाराचा वाटा."

या श्रावणात काकी गेल्या. प्राचीने फ्रीजर माझ्या पडवीत आणून ठेवला, शेवटच्या एका डब्यासकट. "आता तुम्हीच राखा, दादा," म्हणताना तिला हसू आलं.

लाइट गेली की मी फ्रीजरवर गोधडी घालतो आणि वर चढून बसतो. बायको म्हणते, "अहो, एकदा उघडून तरी बघा, आत काय आहे ते."

काय आहे, मला माहीत नाही. आइस्क्रीम नाही, एवढं नक्की.