कोंडीबाचा गुलमोहर

एखाद्या माणसाला एखाद्या गोष्टीचा तिटकारा असतो. सुभेदार नाथाजींना सगळ्याचाच होता. फौजेतून रिटायर होऊन ते रहिमतपूरजवळच्या आपल्या वाडीत आले आणि परेडला उशिरा आलेल्या रंगरुटाकडे पाहावं तसं त्यांनी गावाकडे पाहिलं. चहा पाणचट, सरपंच मेंगळट, रस्ते भिकार आणि ओढ्याचं तर नावच काढायला नको. म्हणायचा वाळुंजीचा ओढा, आणि काठावर वाळुंजीचं एक झाड नाही. पारावर बसलेल्यांना त्यांनी विचारलं, "वाळुंज म्हंजे काय, ठावं हाय का कुनाला?" कुणालाच ठाऊक नव्हतं. नाथाजींनी असं काही नाक मुरडलं, की बसलेले चार म्हातारे उठून घरी गेले. वाळुंज हे पाण्याकाठचं झाड, हे नाथाजींना स्वतःला कळलं होतं ते साताऱ्यातल्या एका शिबिरात, रिटायर झाल्यानंतर. पण ते सांगायची त्यांना काही गरज वाटली नाही.

मग त्यांनी ओढा हातात घेतला. दर रविवारी सातारा, इस्लामपूरहून शिकलेली पोरं-पोरी मदतीला यायची. त्यांचाही नाथाजींना तिटकाराच. डोक्याला टोप्या, पाठीला पिशव्या, आणि खोऱ्याला हात लावायच्या आधी फोटो. नाथाजी आल्या आल्या सगळ्यांचे मोबाइल एका पाटीत टाकायला लावायचे. "हितं ओढा दुरुस्त करायचा हाय, थोबाड न्हाई." पोरं हसायची आणि राबायची. घाणेरी उपटायची, सुबाभूळ मुळासकट काढायची, आणि त्या जागी करंज, उंबर, जांभूळ, निर्गुडी आणि ती सुप्रसिद्ध वाळुंज लावायची. ज्यांनी बांध फोडून ऊस थेट पाण्यापर्यंत नेला होता, त्यांना नाथाजी भर रस्त्यात म्हणायचे, "आता पान्यातच लागण करा, मासं गाळप करतील." ऊसवाले दात-ओठ खायचे, पण मागे सरकायचे. सुभेदाराच्या तोंडाला लागणार कोण?

नियम एकच होता. काठावर परदेशी झाड राहणार नाही. मग ते कुणाचंही असो.

आणि अडचण नेमकी 'कुणाचंही' या शब्दात होती. कारण या काठावरची परदेशी झाडं नुसती झाडं नव्हती, ती वाडीतली मेलेली माणसं होती. ही गंमत नाथाजींनीच करून ठेवली होती. थोरला भाऊ कोंडीबा वारला तेव्हा नाथाजी आसामात होते. रजा मिळाली नाही. फोनवरून त्यांनी वहिनीला, शालूबाईला, फर्मान सोडलं, की रक्षा नदीत सोडायची नाही, नदी घाण होते. ओढ्याकाठी खड्डा काढा, रक्षा त्यात टाका आणि वर झाड लावा. कुठलं झाड, ते सांगितलं नाही. सांगणार काय, तेव्हा त्यांना करंज आणि कडुनिंब यांतला फरक कळत नव्हता. शालूबाई बाजारात गेली. कोंडीबाला तांबडा पटका शोभायचा, म्हणून तिने तांबड्या फुलांचा गुलमोहर आणला.

गावाला ही रीत भलतीच आवडली. रक्षा सोडायला माहुलीच्या संगमावर जायचा खर्च वाचला, आणि वर सुधारणा केल्याचं पुण्यही. मग जो मरेल तो ओढ्याकाठी. कुणी निलगिरी लावली, कुणी रेनट्री, कुणी नर्सरीवाल्याने गळ्यात मारलेलं जे काही होतं ते. मनुबाईने सासऱ्याच्या रक्षेवर निलगिरी लावली आणि रोज सकाळी पदर घेऊन तिच्या पाया पडू लागली.

त्या निलगिरीवर नाथाजींची नजर पडली तेव्हा मनुबाई रडली. नाथाजी म्हणाले, "तुजा सासरा जल्मभर ह्या मातीत राबला आन तू त्याच्या डोक्यावर ऑस्ट्रेलिया लावलीस?" सगळे हसले. मनुबाईसुद्धा लाजून बाजूला झाली. जाफर वखारवाला आपली मशीनची करवत घेऊन आला, पाच मिनिटांत सासरा आडवा झाला आणि त्या जागी करंजाचं रोप आलं. असं एकेक घर नाथाजींनी हिणवून हिणवून राजी केलं. हिणवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

फक्त एक गोष्ट गावाच्या ध्यानात येत होती. नाथाजींनी काम सुरू केलं ते वाडीपासून सगळ्यात लांबच्या टोकाला. कोंडीबाचा गुलमोहर, तोही परदेशीच, होता वाडीला लागून, अलीकडच्या टोकाला. काम सरकत सरकत तिथे यायला दोन वर्षं लागली. मधे नाथाजींनी तीच घाणेरी दोनदा काढायला लावली, चांगली लागलेली रोपं उपटून वीतभर सरकवली. पोरांना वाटलं, शिस्त. ती भीती होती.

पण ओढा काही कृष्णेएवढा लांब नव्हता. वैशाखातल्या एका रविवारी गुलमोहर समोर आला. पान दिसू नये असा तांबडा झालेला. खाली शालूबाई शेंगा निवडत बसली होती. इस्लामपूरची शिवांजली, सगळ्यांत कामसू पोर, सरळपणाने म्हणाली, "काका, हा एकच परदेशी राहिलाय."

जाफरने करवत खाली ठेवली आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की सुबेदार. एकानं काय वडा बुडतोय?"

ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पण रस्त्याच्या कडेला मनुबाई उभी होती, आणि तिच्यामागे, ज्यांची झाडं गेली अशा आणखी दोन-तीन घरच्या बायका. मनुबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. दोन वर्षं नाथाजी गावाकडे ज्या नजरेने बघत आले होते, तीच नजर.

नाथाजींना कोंडीबा आठवला. आपण फौजेत जावं म्हणून शेतात एकटा राबलेला, कधी कुणाला वाकडा शब्द न बोललेला. माझ्या भावाचं झाड आहे, याला हात लावू नका, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. मनुबाईची माफी मागावी लागली असती, बस. पण माफी मागणं त्यांना भाऊ तोडण्यापेक्षा जड गेलं.

"वहिनी, उठा," ते म्हणाले. "हितं उंबर लावू. देशी. लय वर्सं टिकतो."

शालूबाईने वर पाहिलं. "तुमीच म्हनला हुता, झाड लावा."

"झाड म्हनलो हुतो. ह्ये झाड न्हाई."

शालूबाई भांडली नाही. शेंगा ओच्यात घेतल्या आणि बाजूला झाली. जाफरने एकदा नाथाजींकडे पाहिलं, मग करवत सुरू केली. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ. फार वेळ लागला नाही. काठ तांबडा झाला. शिवांजली उंबराचं रोप घेऊन पुढे आली.

"थांब बाय," शालूबाई म्हणाली. ती घरातून खुरपं आणि धुतलेलं फडकं घेऊन आली, बुंध्याशी बसली आणि मुळांतली माती उकरू लागली. पसा पसा माती फडक्यात घेतली आणि गाठ मारली.

"ह्ये काय वहिनी?"

"संगमाला चालले. माहुलीला."

"आवं, नदीत न्हाई टाकायचं. नदी…"

"नदीत सोडलेलं मानूस कुनी तोडाय येत न्हाई, भावजी."

शालूबाईने गाठोडं डोक्यावर घेतलं. तेवढ्यात मनुबाई पुढे झाली. "थांबा, म्या बी येते," म्हणत तिने सासऱ्याच्या जागी लावलेल्या करंजापाशी जाऊन हाताने माती उकरली, पदरात बांधली. मग दुसरी आली, मग तिसरी. कुणी नाथाजींना हिंग लावून विचारलं नाही. करंजं, उंबरं उघड्या मुळांनी तिरकी झाली आणि बायका रस्त्याला लागल्या.

शालूबाई जाता जाता वळली. "आन भावजी, तुमची येळ आली म्हंजे कुटलं झाड लावायचं त्ये ह्या पोरीला आत्ताच सांगून ठिवा. आमच्यातलं कुनी लावायचं न्हाई."

एसटी आली आणि बायकांना घेऊन गेली. शिवांजली रोप हातात धरून उभी होती. "काका, हे इथेच लावायचं ना?" तिने विचारलं. नाथाजी रिकाम्या खड्ड्याकडे बघत राहिले, आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले, "मला न्हाई ठावं."