न लागणारा वेल

आमच्या कराडच्या लॅबमध्ये निकाल कमी आणि किस्से जास्त निघतात. निकाल तीनदा काढूनही जुळत नाही, किस्सा पहिल्या फटक्यात येतो! मी तिथला सगळ्यात जुना पीएचडीवाला. नवी पोरं मला इमारतीबरोबरच बांधलेला समजतात. नोंदणीची मुदत संपत आलीय आणि थिसिस अजून तोंडलीच्या वेलात अडकलाय.

तोंडलीत नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. नराचा वाय क्रोमोसोम भलताच मोठा. तो कशानं फुगला, एवढंच मला दाखवायचंय. एवढंच!

*

आण्णांना, म्हणजे सुभेदार होऊन रिटायर झालेल्या माझ्या वडिलांना, एकदा समजवायला बसलो.

"डीएनएचे काही तुकडे उडाणटप्पू असतात, आण्णा. स्वतःच्या कॉप्या काढतात आणि वाट्टेल तिथं जाऊन बसतात. बाकीच्या क्रोमोसोमची जोडीदाराशी देवाणघेवाण होते, त्यात साफसफाई होऊन जाते. वायला ती सोय नाही. मग पसारा साठत जातो."

आण्णांनी पेपर उघडला. आईनं मात्र माझ्या खोलीत डोकावून कॉटखाली बघितलं.

"कळलं. बायकू नसली की असंच हुतंय!"

*

शेतकरी लावतात ते मादी वेल. नर हवा तर लोकांची कुंपणं धुंडाळायची. कोरेगावजवळ एका मावशींनी हटकलं, "तोंडली पायजेत व्हय?"

"नको मावशी. ज्याला कधीच तोंडली लागत नाहीत, असला वेल पाहिजे."

मावशींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि घराकडं तोंड करून हाक दिली, "आवं, भाईर या जरा! चांगल्या घरचं पोरगं दिसतंय वो, पर..."

*

एकदा कुंपणावरून आणलेल्या एका कळीच्या स्लाइडवर असा लांबलचक वाय दिसला, की मी लॅबभर पेढे वाटले. पेढे संपल्यावर मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ बघत राहिल्या.

"सुंदर! तुझ्या स्वेटरच्या लोकरीचा रंगही हाच ना रे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वेटर आईनं विणलेला होता, तो टाकताही येईना.

*

शेवटी मलकापुरात एक खात्रीचा नर वेल सापडला. तो मी उंब्रजला आमच्या परसात लावला. फुलं आली, तोंडली अर्थातच नाहीत. मॅडम कळ्या न्यायला घरी आल्या, तर आण्णा कोयता घेऊन वेलासमोर उभे!

"आण्णा, तो नर आहे! त्याला लागत नसतंय!"

"तू मधी बोलू नगंस. त्याला ऐकू दे." मग वेलावर कडाडले, "फुकट पानी पितोस व्हय रं? लागनार हायस का न्हाई? तोडतोच आज!"

आमच्याकडं न लागणाऱ्या झाडाला असाच धाक घालतात. एकानं तोडायला धावायचं, दुसऱ्यानं मध्ये पडायचं. आई ठरल्यासारखी पुढं आली.

"ऱ्हाऊ द्या वो! म्होरच्या वर्षी लागंल."

मॅडम पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला मात्र त्या वेलाची लय दया आली.

*

परवा साताऱ्यात मुदतवाढीची मीटिंग झाली. अध्यक्षांनी माझी फाइल टेबलावर आपटली.

"इतकी वर्षं फुकट फेलोशिप घेतली, निकाल शून्य! ह्यांची नोंदणी आज रद्दच करून टाकू!"

मॅडम शांतपणे खुर्चीतून उठल्या.

"राहू द्या हो सर. पुढच्या वर्षी लागेल."