पट्टीकाकांची गच्चीवरची खोली
तीस वर्षं ड्राफ्ट्समनकी केली, कागद जाऊन कॉम्प्युटर आला, तरी काकांच्या खिशातली सहा इंची लाकडी पट्टी काही सुटली नाही. म्हणून ऑफिसात ते पट्टीकाका. लोकांना त्यांनी हवेशीर बंगले काढून दिले. स्वतःच्या घरी एकुलती एक खिडकी, तीही शेजाऱ्याच्या भिंतीला नाक लावून. बायको भर सकाळी दिवा लावून पेपर वाचायची.

ऑफिसात एका वाचनालयाच्या इमारतीच्या नकाशाचं काम चाललं होतं. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत काकांनी त्या इमारतीच्या गच्चीवर हळूच एक खोली काढली. पूर्वेला भलीमोठी खिडकी, खिडकीत दोन खुर्च्या. मनातले मांडे खायला कुणाची परवानगी लागते?

पण आपला कागद आपल्यापुरता, ही काकांची जुनी सवय. आता सगळे कॉम्प्युटरवरच्या एकाच मॉडेलमध्ये काम करतात, एकाने ओढलेली रेघ सगळ्यांना दिसते, हे ते साफ विसरले.

सोमवारी मॉडेल उघडलं आणि काकांची पाचावर धारण बसली. स्ट्रक्चरवाल्याने खोलीखाली तुळई घातली होती, प्लंबिंगवालीने बेसिन दिलं होतं, विजेवाल्याने पंखा! एरवी एका पाइपावरून आठवडाभर कचाकचा भांडणारी ही मंडळी. प्रत्येकाला वाटलं, ऑफिसच्या मोठ्या मॅडमनी सांगितलं असणार. मॅडमना वाटलं, वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी मागितलं असणार.

अकरा वाजता ग्रंथपालबाई मंजुरी द्यायला आल्याच. पडद्यावर इमारत गर्रकन फिरली आणि नेमकी गच्चीवर थांबली.

"ही खोली कुणी सांगितली?"

सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. गप्प बसले असते तर खपूनही गेलं असतं. पण काका उभे राहिले.

"मी काढली. बायकोला उजेडात पेपर वाचता यावा म्हणून... म्हणजे, उगाच आपली. आत्ता पुसतो."

मॅडम लालबुंद. प्लंबिंगवाली फिस्सकन हसली आणि मग सगळं ऑफिस खो-खो हसत सुटलं. ग्रंथपालबाई मात्र त्या दोन खुर्च्यांकडे बघत होत्या.

"अख्ख्या वाचनालयात उजेडात बसून वाचायची एवढी एकच जागा आहे," त्या म्हणाल्या. "पुसायची नाही. खुर्च्या वाढवा."

संध्याकाळी काका घरी आले ते तरंगतच.

"अगं, आपली खोली मंजूर झाली! खिडकी, पंखा, बेसिन, सगळं! फक्त रोज चाळीस माणसं येतील."

काकूंनी सगळी हकीकत ऐकली, पेपराची घडी घातली.

"येऊ देत की. पण अहो, खिडकीतली खुर्ची माझी."