मोखाड्याच्या वाटेवर रिकामी मागची सीट

आता कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला! पण सांगतो. गळ्याची शपथ, अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे, एक अक्षर सोडून. ते ओघात आलं तर सांगेन.

मी माझ्या बायकोला, जयूला, जव्हारच्या पुढे एका चहाच्या टपरीवर विसरलो आणि वीस किलोमीटर पुढे गेलो. बरं, अकरा.

हसू नका. आधी ऐका.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली. ती सगळी मी बोयसरच्या कंपनीत शिफ्टा करण्यात घालवली. जयू सातपाटीची, बापाची होडी होती. वाऱ्यावर ओरडून बोलायची सवय लहानपणापासूनची. तिची एकच इच्छा होती. मोटारसायकलवरून बोयसर ते भंडारदरा, दोघांनीच.

"पोरं शिकली, आता काय अडलंय? तुमी येत नाय तर मी एकटी जाते!"

निघालो. सॅकमध्ये तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी. मनोर झालं, विक्रमगड झालं, जव्हार मागे पडलं. दोन्हीकडे भात पोटरीला आलेला, उतारावर नागली, रस्त्याच्या कडेला तेरडा फुललेला. आणि वळणं? एका वळणावर तर मला आमच्याच गाडीची मागची नंबरप्लेट दिसली!

टपरीवर थांबलो. जयू चहा सांगायला आत गेली. मी गाडीला टेकून, चावी बोटावर फिरवत उभा. तेवढ्यात मुंबईची चार पोरं आली. गुडघ्याला पॅड, हातात ग्लोव्हज, हेल्मेटवर कॅमेरा. चंद्रावर निघाल्यासारखी.

"अंकल, ह्या घाटातून ही गाडी?"

"मग काय विमान आणू?"

टपरीत उभ्या जयूकडे बघत दुसरा म्हणाला, "आणि आंटी मागे? सॉलिड!"

इथे माझी जीभ घसरली. घसरली कसली, घाटातून खाली गेली.

"अरे, मागे बसणाऱ्याला काय काम असतं? पिशवी धरायची, डोळे मिटायचे, देवाचं नाव घ्यायचं. चालवणाऱ्याला विचारा मनगटांचं काय होतं ते!"

पोरं हसली. मीही हसलो. वळून बघतो तर मागे जयू! दोन्ही हातांत चहाचे ग्लास.

"मनगटं दुखतात काय हो तुमची?"

एवढंच. आणि तेही हळू आवाजात. वाऱ्यावर ओरडणारी जयू! ग्लास बाकावर ठेवून ती हँडपंपाकडे हात धुवायला गेली.

पोरांसमोर लाज नको म्हणून मी घाईघाईत गाडी सुरू केली. "बस गं!" म्हणालो. मागे काहीतरी हललं. बसली असणार. निघालो.

"जयू, बघ काय दरी आहे!"

उत्तर नाही. रागावली.

"चुकलं गं. पोरांसमोर जरा बोलून गेलो."

उत्तर नाही. फारच रागावली. मग मी माफ्या मागायला सुरुवात केली. एकेका वळणावर एकेक. तुझ्या भावाच्या लग्नात मला ताप आलाच नव्हता. तुझा मोबाइल पाण्यात मांजराने पाडला नव्हता. पंचवीस वर्षांचं सगळं ओकून टाकलं.

मोखाड्याजवळ एक काकडीवाली बसली होती. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"दादा, कोनाशी बोलता?"

मागे बघितलं. सॅक!

फोन लावला, रेंज नाही. जयूने परतीची एसटी धरली असती, तर कुठली ट्रिप आणि कुठलं भंडारदरा? अन् एसटीत ती एकदा बसली, की पुढची पंचवीस वर्षं माझ्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा येणार नव्हती. गाडी वळवली. टपरीवर पोचलो तर ती बाकावरच बसलेली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "एसटी दोनदा येऊन गेली. बसले नाय. का ते मला नका विचारू."

संपलं.

काय म्हणता? ते एक अक्षर?

बरं. गाडी मी चालवत नव्हतो.

मला गिअरची गाडी येतच नाही. कॉलनीच्या गेटपर्यंत मी ती हाताने ढकलत नेतो, लोकांना हँडल माझ्या हातात दिसावं म्हणून. गेटबाहेर हँडल जयूचं. बोयसरपासून जव्हारपर्यंतचं एक न् एक वळण तिने काढलं. मी मागे पिशवी धरून, डोळे मिटून.

म्हणजे टपरीवर राहिलो तो मी. जयूने ग्लास ठेवले, माझ्या बोटातली चावी काढून घेतली, किक मारली आणि गेली. त्या चार पोरांचे चेहरे मला अजून झोपू देत नाहीत. माफ्या मी खरंच मागितल्या, पण रिकाम्या रस्त्याकडे बघत. काकडीवालीही खरी, ती टपरीच्या शेजारीच बसायची. दोन एसट्या माझ्याच समोरून गेल्या.

दीड तासाने जयू परत आली. "बसा," म्हणाली. बसलो.

आणि बघा ना माझा निर्लज्जपणा! ज्या थापेपायी हे घडलं, तीच आज तुम्हालाही मारली. पुन्हा पुढच्या सीटवर मीच!

हो, अजून एक शब्द खोडा. 'विसरलो' म्हणालो ना मी? जयू मला विसरली नव्हती. सोडून गेली होती.