नेसायची की द्यायची

यंदा साडी घ्यायचीच असेल तर टिश्यू सिल्क घ्या, आणि त्यातही मोरपंखी. बाकीचे रंग दुकानातल्या लाइटीत छान दिसतात आणि घरी आणले की तोंड पाडून बसतात. लिपस्टिकची नवी न्यूड शेड आली आहे, ती घेऊ नका. आपल्याकडच्या बायकांनी ती लावली की आठ दिवस तापानं झोपून उठल्यासारख्या दिसतात. सिरम हवं तर घ्या, पण त्यानं चेहऱ्यावर उजेड पडतो यावर विश्वास ठेवू नका. आमच्या शेजारणीनं दोन बाटल्या संपवल्या, तिच्याकडे अजून लोडशेडिंगच आहे.

हे विचारायला बायका माझ्याकडे येतात. परभणीत कुठल्या दुकानात नवा माल कधी उतरला हे मला दुकानदाराच्या आधी कळतं असं माझा नवरा म्हणतो, आणि तो ते कौतुकानं म्हणत नाही. नवरात्राच्या नऊ रंगांच्या नऊ साड्या मी दरवर्षी नव्या नेसते. समोरून येणाऱ्या बाईच्या अंगावरची साडी कुठली, किती वर्षांची आणि तिनं कुणाकडून मागून आणली आहे, हे मी रस्त्याच्या पलीकडून सांगू शकते. सांगतेही. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. मी खरं बोलते म्हणून त्यांना झोंबतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

साडीच्या दुकानात गादीवर बसलं की पहिला प्रश्न येतो, "ताई, नेसायची दाखवू का द्यायची?" द्यायच्या साड्यांचा गठ्ठा वेगळा असतो, मागच्या फळीवर. पोत खरखरीत, पदर तोकडा, ब्लाऊजपीस आरपार दिसणारा आणि पहिल्या धुण्यात अर्धा रंग बादलीत. त्या आहेरात द्यायच्या असतात. ज्या घरी दिल्या त्या घरच्या पुढच्या लग्नात पुढं सरकवतात. देणारीलाही माहीत असतं, घेणारीलाही, त्यामुळं कुणी कुणाला फसवत नाही.

मी माझ्या बहिणीला फसवलं. तेही बारा वर्षं.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिला गंगाखेडकडच्या एका खेड्यात दिली. घरी थोडी शेरडं, थोडी कोरडवाहू, आणि दसरा झाला की नवरा-बायको कोयता घेऊन टोळीबरोबर उसाला. मला नोकरीवाला नवरा मिळाला. यात माझं कर्तृत्व काही नाही. माझ्या वेळेपर्यंत वडिलांना थोडी अक्कल आली होती, एवढंच. आम्हाला भाऊ नाही. आई जाताना मला म्हणाली होती, "तुझी परिस्थिती बरी हाय. अक्काला भाऊबीजेची साडी तू देत जाय." मी हो म्हणाले. मरणाऱ्या माणसाला सगळेच हो म्हणतात.

दिवाळीला अक्का उसाच्या फडात असायची, म्हणून टोळी निघायच्या आधी ती परभणीला यायची आणि मी भाऊबीज आधीच उरकायची. माझ्यासाठी त्या सीझनची नवी साडी घेताना मी दुकानदाराला म्हणायची, "आणि एक द्यायचीतली टाका." उसात नेसायला काय पैठणी द्यायची, असं मी मनात म्हणायची. एकदोनदा मोठ्यांदाही म्हणाले, नवऱ्याजवळ. पैशाचा प्रश्न नव्हता. तिच्या अंगावर चांगली साडी वाया जाईल असं मला खरोखर वाटायचं. आज हे लिहायला लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

ती साडी दोन्ही हातांनी घ्यायची, गालाला लावायची. "लय भारी हाय माय. कामून एवढं आणतीस?"

"यंदाचीच आहे, अक्का. नवीन आलीय," मी म्हणायची. दर वर्षी हेच म्हणायची.

आहेराच्या साड्या तिनं पाहिल्या नव्हत्या असं नाही. लग्नांत तिलाही मिळायच्या आणि त्या ती उसात नेसून फाडायची. पण सख्ख्या बहिणीनं भाऊबीजेला दिलेली साडी त्याच गठ्ठ्यातली असेल, हे तिच्या डोक्यात येण्यासारखं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलीचं लग्न झालं. मुलाकडचे पूर्णेचे, घरात तीन पिढ्या रेल्वेची नोकरी, आणि ती नोकरी आपणच लावून दिल्यासारखा त्यांच्या बायकांचा तोरा. त्यांच्यापुढं आपलं काही कमी दिसू नये म्हणून मी सहा महिने राबले. कुठल्या विधीला कुणी कुठला रंग नेसायचा ते ठरवलं, मोबाईलवर बायकांचा ग्रुप काढून सगळ्यांना कळवलं. अक्काकडे तसला मोबाईल नव्हता, म्हणून तिला कळवायचं राहिलं. राहिलं असं मी सांगते.

मुलीला मामा नाही, म्हणून तिला बोहल्यावर न्यायचा मान अक्काचा होता. उसाचा हंगाम संपवून ती महिन्यापूर्वीच परतली होती. चेहरा उन्हानं भाजलेला, हातांवर उसाच्या पात्यांचे चरे. लग्नाच्या सकाळी मी पार्लरवालीला म्हणाले, "आधी हिला जरा उजळ करा, फोटोत उठून दिसेल." पार्लरवालीनं तिच्याजवळचं सगळ्यात गोरं फाउंडेशन काढलं. अक्का बिचकत म्हणाली, "हाय तशी बरी न्हाई का म्या?" मी म्हणाले, "आज नाही." तिचं तोंड राखेसारखं झालं आणि मान होती तशीच राहिली. मानेपर्यंत लावावं हे पार्लरवालीला सुचलं नाही, आणि मला सुचलं होतं तरी वेळ नव्हता.

मग ती तिचं गाठोडं घेऊन रुखवताकडे गेली. रुखवत म्हणजे मुलीबरोबर काय काय दिलं ते मांडून ठेवायचं टेबल. मुलाकडच्या बायका ते बघायला येतात, कौतुकासाठी नाही, खोड काढण्यासाठी. मीही दुसऱ्यांच्या लग्नात त्यासाठीच जाते. अक्कानं धोतराच्या फडक्यातलं गाठोडं सोडलं आणि साड्यांची चळत टेबलावर मधोमध ठेवली. बारा साड्या. घडीघडीत कडुलिंबाचा पाला, कसर लागू नये म्हणून. एकीवर डाग नाही, एकीला चुणी नाही. मी लांबूनच ओळखल्या.

मुलाची आत्या तिथंच उभी होती. भरल्या अंगाची, खऱ्या जरीची पैठणी नेसलेली, माझ्याच जातकुळीची बाई. अक्का तिला अभिमानानं सांगत होती, "ह्या बहिणीनं दिल्यात मला, दर साली एक. एकीचीबी घडी मोडली न्हाई म्या. फडात कुठं नेसू? म्हणलं भाचीच्या लग्नात भाचीला देऊ."

आत्यानं वरची साडी उचलली, पदर दोन बोटांत धरून चोळला. मी दुकानात जसा चोळते तसाच. मग हसून म्हणाली, "अवो, ह्या तर द्यायच्यातल्या हैत." तिनं खालची काढली, तिच्या खालची काढली. "समद्याच." आणि चार बायकांसमोर माझ्याकडे वळली. "तुमी दिल्या व्हय बहिणीला?"

अक्कानंही माझ्याकडे पाहिलं. तिला अजून उत्तर माहीत नव्हतं. मी काय सांगते याची ती वाट बघत होती, आणि मी जे सांगितलं असतं ते तिनं खरं मानलं असतं.

"मी कशाला असल्या देईन?" मी म्हणाले. "बाजारातनं आणल्या असतील तिनं. तिला काय कळतंय त्यातलं."

वरच्या साडीवरचं कडुलिंबाचं एक वाळकं पान अक्कानं उचललं आणि मुठीत धरलं. मग आत्याकडे बघून म्हणाली, "हाव. म्याच आणल्या बाजारातून. बहिणीचं नाव घेतलं म्हंजी चांगलं दिसंल, म्हून म्हणलं."

आत्या म्हणाली, "गरिबीच्या मानानं लय केलं की. ऱ्हाऊ द्या, कामवाल्या बायांना व्हतील." सगळ्या हसल्या. मीही हसले. नुसती तोंडदेखली नाही, चांगली हसले, कारण माझं नाव वाचलं होतं. माझी मुलगी दोन हातांवर खुर्चीत बसली होती, तिनं शब्दन् शब्द ऐकला. त्यातल्या दोन साड्या तिनंच माझ्याशेजारी गादीवर बसून निवडल्या होत्या. ती मान खाली घालून मेंदी बघत बसली. पोर माझीच आहे.

अक्का कार्यालयाच्या मागच्या नळावर गेली आणि साबणानं तोंड खसाखसा धुऊन आली. काळ्या, ओल्या चेहऱ्यानं तिनं भाचीचा हात धरला आणि तिला बोहल्यावर नेलं. अक्षता पडेपर्यंत मागं उभी राहिली. पंगतीला जेवली, वाढायलाही लागली, मुलगी निघाली तेव्हा रडली. माझ्याशीही नीट बोलली, "पाणी पी, सकाळधरून काही खाल्लं न्हाईस," एवढं. तिच्यासाठी मी मानाची साडी आणली होती. कुठल्या गठ्ठ्यातली ते विचारू नका. जाताना ती खुर्चीवरच ठेवून गेली. विसरली असेल असं मी नवऱ्याला सांगितलं. अल्बम करायला टाकला तेव्हा तिचा बोहल्यावरचा फोटो मी काढायला लावला. काळं तोंड फार दिसत होतं.

त्या बारा साड्या मी घरी आणल्या. त्यातल्या पाच त्याच उन्हाळ्यात निरनिराळ्या लग्नांत देऊन टाकल्या. घड्या सुरेख होत्या, पाला तेवढा झटकावा लागला.

यंदा दसरा होऊन गेला तरी अक्का आली नाही. मी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बसले, आणि दुकानदारानं विचारायच्या आधीच म्हणाले, "नेसायची दाखवा. माझ्यासाठी नाही, पण नेसायची." त्या दिवशीच नव्या मालाचे गठ्ठे फुटले होते. पहिली मोरपंखी टिश्यू मी उचलली. स्वतःसाठीही त्या तोलाची कधी घेतली नव्हती. फॉल-पिको करून घेतलं. ब्लाऊज शिवायला टाकायला गेले तर शिंपीण म्हणाली, माप द्या. अक्काचं माप मला माहीत नव्हतं. बारा वर्षांत ब्लाऊजचा प्रश्नच आला नव्हता. मी कापड तसंच परत आणलं.

एसटीनं गंगाखेड, तिथून रिक्षानं तिचं गाव. पोचले तेव्हा दारात ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत सरपण, पत्रे, ज्वारीची पोती चढली होती. अक्का भांडी पोत्यात भरत होती. अंगावर फाटकी आहेराची साडी. मला बघून उठली, पाणी दिलं, "काहून आलीस गं एवढ्या लांब? आमी निघायलोत आता," म्हणाली. रागाचा एक शब्द नाही. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर माझं काम सोपं झालं असतं.

मी पिशवीतून साडी काढली. उन्हात ती अशी चमकली की ट्रॅक्टरजवळच्या बायका कामं टाकून बघायला लागल्या. मी म्हणाले, "तुझी भाऊबीज, अक्का."

तिनं हात पुढं केला नाही. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधता बांधता तिनं विचारलं, "नेसायची हाय का द्यायची?"

"नेसायची," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, "नेसायची आहे गं."

तिनं गाठ आवळली, दातांनी सुतळी तोडली.

"मंग तूच नेस माय," ती म्हणाली, आणि पोतं ट्रॉलीत चढवायला नवऱ्याला हाक मारली.

ट्रॅक्टर जाईपर्यंत मी तिथं उभी होते. ती वर बसली, तिनं डोक्यावरून पदर घेतला, जाताना हातही हलवला. परतताना एसटीत साडी उघड्या पिशवीत माझ्या मांडीवर होती आणि शेजारची बाई सारखी तिच्याकडे बघत होती. माझे डोळे भरून आले ते तिनं पाहिलं असावं. साडीवर पाणी पडू नये म्हणून मी पिशवी मिटली.

दिवाळीला मी ती नेसले. उगाच पडून राहिली असती. पाडव्याच्या संध्याकाळी गल्लीतल्या बायका जमल्या, कुणी पदर हातात घेतला, कुणी दोन बोटांत चोळून पाहिला. अशी साडी त्यांच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. शेजारीण म्हणाली, "कुठून घेतली हो?"

मी म्हणाले, "घेतली नाही. माहेराहून आली."